घरोघर तार येईल

बडनेरा, ता. ३ जुलै १९६०

श्रीयुत भगवंतराव व्याही, मुक्काम अकोला, यांस महादेवरावाचा रामराम.

पत्र पोचले. तुम्ही लिहिता, शालूला पहिल्या बाळंतपणाला बडनेऱ्यास पाठवणार नाही, तिचे नाव अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात घातले आहे. पुढे लिहिता, "आता सन साठ उजाडले आहे. अंधाऱ्या खोलीत शेगडी ठेवून बाळंतपण करण्याचे दिवस गेले."

मला सन साठ लिहायचे तुम्हाला काही कारण नव्हते. नुसते "दिवस बदलले" असे लिहिले असते तरी मला समजले असते, मी मराठी चौथी पास आहे. पण तुम्ही मुद्दाम सन साठ लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली. चित्रकलेच्या मास्तराची रेघ सरळ असते, म्हणून ती जास्त लागली.

पहिले बाळंतपण माहेरी होते. हा कायदा सरकारने केलेला नाही, तेव्हा सरकारी दवाखान्याने तो मोडू नये. मी मागची खोली रिकामी करून चुना मारला आहे. खिडकीला पोते लावले, म्हणजे वारा लागणार नाही. माणिकबाई सुईणीला सांगून ठेवले. अर्धे बडनेरा तिच्या हातावर जन्मले आहे. केशरबाईने डिंक निवडायला घेतला. आमच्या घरात आजवर सगळी बाळंतपणे घरीच झाली. केशरबाईची चारही याच खोलीत झाली.

तुमच्या घरी शालूच्या खाटेवर विजेचा पंखा फिरतो असे जावईबापू सांगत होते. खाट लोखंडी आहे. लोखंडातून करंट जातो हे मलाही ठाऊक आहे. पंखा वरून निसटला तर? पोटातल्या जिवाला ती घरघर सारखी ऐकू येत असेल, त्याच्या कानांचे काय होईल? तुम्ही नेहमी पुढचे पाहता, डोक्यावरचे पाहत नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तिची ट्रंक भरून ठेवायला सांगा.

कळावे,
महादेव


बडनेरा, ता. १२ जुलै १९६०

भगवान मास्तर,

व्याही लिहिण्याची इच्छा होत नाही, म्हणून जुन्या नावाने लिहितो.

रविवारी मी एकटा परत आलो ते साऱ्या स्टेशनाने पाहिले. आमचा शेजारी सूर्यभान पार्सल ऑफिसात आहे. त्याने फलाटावरच विचारले, "काहो साठसालेजी, पोरगी कुठी हाय? विमानानं येऊन राहिली का?" हमाल हसले.

तुम्ही आरामखुर्चीत होता. मी दारात उभा असताना रेडिओ गात होता. तुम्ही तो बंद केला नाही, नुसता हळू केला.

"बसा व्याहीबुवा, पंख्याखाली बसा."

मी म्हणालो, "पोरीले न्यायले आलो, बसाले नाई आलो."

"पोरगी काय पार्सल हाय का राजेहो? तिले तं इचारा."

मी विचारले. जावईबापू उद्धवरावांनी खाली पाहिले. माझी शालू, जिच्या तोंडातून माझ्यासमोर कधी उलट शब्द निघाला नाही, ती म्हणाली, "बाबा, मी इथंच राहीन. डाक्तरीनबाई चांगली हाय. आपल्या मागच्या खोलीत मले भेव लागते."

भेव कशाचे? ती स्वतः त्या खोलीत जन्मली आहे. हे भेव तुम्ही तिच्यात घातले, दुसरे कोण घालणार?

आणि मग चहा पीत बसलेल्या चार माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "ऐकलं का, साठसाले?"

हे नाव मला कसे पडले ते शालूला धड ठाऊक नाही. शाळेत मुली तिला "साठसाल्याची" म्हणत, तेव्हा ती रडत घरी यायची, पण मी कारण सांगितले नाही. आता ती तुमच्या घरात आहे. एक दिवस तुम्ही तिला सांगाल आणि आपल्या सोयीचे सांगाल. म्हणून मी लिहून ठेवतो, हे पत्र तिला वाचून दाखवा.

सन एकोणतीसचा गणपती. तुम्ही बडनेऱ्याच्या शाळेत नवे ड्रॉइंग मास्तर होता, मी कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होतो. तुम्ही देखावा उभा केला : सन एकोणीसशे साठचे बडनेरा. पडदे रंगवले तीन. पहिल्यावर घराघराच्या छपरावर विमाने उतरत होती आणि बैल अजबखान्यात पिंजऱ्यात उभा होता. दुसऱ्यावर रस्ता आपोआप सरकत होता, माणसे नुसती छत्र्या घेऊन उभी. तिसऱ्यावर एक पांढरी शुभ्र इमारत होती. तिच्यात पांढऱ्या पलंगांवर बाया पाळण्यातल्या लेकरांकडे पाहत होत्या आणि खाली अक्षरे होती, "येथे कोणी रडत नाही."

साठ सालचा माणूस म्हणून तुम्ही मला उभे केले. अंगात बेगडाचा चकचकीत डगला, डोक्यावर आमच्याच घरची कल्हईची पातेली. तुम्ही छडी घेऊन सांगत होता. छडी वर करून ओरडलात, "सन साठात घरोघर तार येईल!"

तुमच्या मनात विजेची तार होती. पण आमच्याकडे तार एकच असते. ती येते तेव्हा घरातले कोणी गेलेले असते. बायांमध्ये एकदम रडारड झाली. माझी सासू पार्बताबाई कंबर खोचून उठली. "मुडद्या, घरोघर कोनाची तार आनून राहिला? तुयाच घरी येवो पयले!" तुम्ही हात जोडले, "अवो बाई, इजेची तार, इजेची!" ती म्हणाली, "इजेची असो का कशाची, तार ते तार." लोकांना खाली बसवायला पाटील उठले. केशरबाईही त्या गर्दीत होती. तिची तब्येत तेव्हा बरी नव्हती.

मग तुम्ही सांगितले, सन साठात चूल राहणार नाही, एका गोळीत दिवसाचे जेवण होईल. माझ्या तळहातावर पांढरा खडा ठेवला. ठरल्याप्रमाणे ती खडीसाखर असायची होती. मी हजार माणसांसमोर ती तोंडात टाकली. ती तुरटी होती.

माझे तोंड असे आक्रसले की डोळे मिटले. मी थुंकलो. पातेली घरंगळत लोकांत गेली. कोणीतरी ओरडले, "साठ सालचं जेवन थुकलं रे बुवानं!" त्या दिवसापासून मी साठसाले. जिनातही, बाजारातही, मयतीलाही.

तुम्ही म्हणत आलात की वाण्याच्या पुडीत घोटाळा झाला. मी म्हणतो, घोटाळा नव्हता. मी खडा तोंडात टाकायच्या आधीच तुम्ही हसत होता.

आता सन साठ आले. विमान छपरावर उतरले नाही. रस्ता सरकत नाही, त्यावरचे खड्डे तेवढे इकडून तिकडे सरकतात. अजबखान्यातला बैल रोज माझ्या दारावरून जातो आणि शेण टाकतो. विजेचा खांब माझ्या दारासमोर रोवला आहे, पण मी तार घरात घेतलेली नाही, घेणारही नाही. तुमचे सन साठ दिसायला खडीसाखर आणि तोंडात तुरटी. ते मी एकदा खाल्ले. माझ्या मुलीच्या तोंडात तुम्ही तेच घालता आहात, म्हणून मी भांडतो.

शेवटचे. तिकडे चांगले होवो, वाईट होवो, मला तार करायची नाही. कार्ड टाकावे.

महादेव


बडनेरा, ता. २९ ऑगस्ट १९६०

मास्तर,

तुमचे उत्तर आले. "तारेला भिऊ नका, साठसाले." एवढेच, आणि तेही उघड्या कार्डावर. पोस्टमनने ते वाचले, सूर्यभानने वाचले, मला शेवटी मिळाले.

गणपती बसले आहेत. काल मंडळाचे पोट्टे माझ्या ओट्यावर आले. "आजोबा, यंदा तुमचं साल आलं. मंचावर खुर्ची ठेवतो, तुमी नुसते बसा. बाजूले पाटी लावतो, हाच तो साठ सालचा मानूस." मी लोटा फेकला. एकजण पळता पळता विचारत होता, "आजोबा, तो चकचक डगला हाय का अजून?" मी ओरडून सांगितले, त्याच दिवशी चुलीत घातला. आत केशरबाईला खोकला आला.

आता जे झाले ते तुमच्यामुळे झाले, म्हणून तुम्हालाच लिहितो.

मी लिहिताना मोठ्याने म्हणतो, तशी मला सवय आहे. आज सकाळी तुम्हाला दुसरेच पत्र लिहीत होतो. त्यात लिहिले, "आमच्या घरी चार बाळंतपणे झाली, कोणाचे काही अडले नाही, दवाखान्याचा दरवाजा कसा असतो तो आम्ही पाहिला नाही." केशरबाई लाडू वळत होती. ती म्हणाली, "लिहा, लिहा. अन् हेही लिहा का चारातले तीन कुठी हायत."

मी म्हणालो, "देवाची मर्जी."

"मर्जी देवाची. खोली तं आपलीच व्हती ना?"

मी म्हणालो, माणिकबाईचा हात...

"माणिकबाईच्या हाताले म्या कधी नाव ठेवलं? पन तिच्यापाशी हातच व्हते, दुसरं काय व्हतं?" मग लाडू परातीत ठेवून तिने माझ्याकडे पाहिले. "त्या गनपतीत तुमी डगला घालून तिसऱ्या पडद्याकडं कसे पाहून राहिले व्हते, ते मले दिसलं नाई का? म्या समोरच बसली व्हती, मांडी रिकामी घेऊन. घरी येऊन तुमीच म्हनले, केशर, साठ सालापर्यंत आपन थांबलो असतो तं. आता तो पांढरा बंगला पोरीच्या दारी आला, अन् तुमी खिडकीले पोतं लावता?"

मी असे काही म्हटल्याचे मला आठवत नाही. एकतीस वर्षांपूर्वीचे बोलणे कोणाला आठवते?

तिने लाडूंचा डबा बांधला, बाळंतशेपा घेतल्या, जुनी मऊ लुगडी घेतली आणि दुपारच्या पॅसेंजरने तुमच्याकडे निघाली. लग्न झाल्यापासून ती एकटी गाडीत बसली नव्हती. मला विचारले नाही. "भाकरी टोपलीत हायत," एवढेच म्हणाली. सूर्यभानने तिला तिकीट काढून दिले आणि जागा पाहून बसवले, तेही मला न विचारता.

मुलगी तुम्ही ठेवून घेतली होतीच, आता बायकोही नेली. ती पोचली का तेवढे कळवा. तिला पंख्याखाली झोपवू नका, तिची मान धरते. रस्त्याने चालताना ती मोटारीकडे पाहत नाही, तिला सोबत द्या. हे मी तुमच्यावर उपकार म्हणून लिहीत नाही.

माझा विरोध कायम आहे. तार करू नका.

महादेव


बडनेरा, ता. १५ सप्टेंबर १९६०, दुपार

मास्तर,

तार आली.

मी दोनदा लिहिले होते. तुम्हाला वाचता येते, चित्रे काढता येतात, दुसऱ्याच्या घरात काय चालते ते कळत नाही. मी हात जोडून लिहिले नव्हते हे खरे, पण लिहिले होते.

ती माझ्यासमोर आहे. फोडली नाही. वारा येतो म्हणून वर अडकित्ता ठेवला आहे. फोडूनही उपयोग नाही, आत इंग्रजी असणार.

तारवाल्याच्या सायकलची घंटी वाजली आणि आळीतली सगळी बोलणी थांबली. बाया तोंडाला पदर लावून दारात आल्या. माझा अंगठा घेताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी सही करतो, मला अंगठा लागत नाही, हेही त्याला सांगायचे राहिले. सूर्यभान जेवायला घरी आला होता, तो हात न धुता पळत आला. "आना, मी वाचून देतो, महादेवराव."

महादेवराव म्हणाला. इतक्या वर्षांत तो मला कधी महादेवराव म्हणाला नाही. तेव्हाच मी काय ते समजलो. म्हटले, हात नको लावू. तो गेला.

माणसे लांब उभी आहेत. एका पोराने साठसाले म्हटले तर त्याच्या आईने त्याचे तोंड दाबले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. तुमच्या तारेने दिला.

मला आधी हे सांगा, कोण? शालू की लेकरू? की दोघे? की केशर, मोटारीखाली? तुम्ही तिला सोबत दिली नसेल. त्या पांढऱ्या इमारतीत माझ्या मुलीला कोणत्या पलंगावर ठेवले होते, खिडकीजवळच्या की आतल्या? तुम्हीच लिहिले होते ना, येथे कोणी रडत नाही? मोठ्या अक्षरात लिहिले होते. लाल रंगात. मी ते चांगले वाचले होते. जिनातून येता-जाता, पडदे वाळत घातले होते तेव्हा, मी ते रोज वाचले होते. मी तुम्हाला विचारलेही होते, मास्तर, हे खरेच होईल का? तुम्ही कुंचला दातात धरून म्हणालात, "होईल म्हणजे? लिहून देतो." लिहून दिले होते तुम्ही.

मी आंघोळ केली नाही. आंघोळ केली तर ते मानल्यासारखे होईल.

ती म्हणाली होती मागच्या खोलीत भेव लागते. मी तेव्हा तिला विचारायला पाहिजे होते, बाई, कोणते भेव? मी विचारले नाही, कारण मला ते ठाऊक होते. त्या खोलीत मीही जात नाही. चुनासुद्धा मी मजूर लावून मारला.

आता काय लिहू? पंख्याचे लिहिले. गाडीचे लिहिले. पत्र संपले की फोडावी लागेल म्हणून लिहीत आहे. तुमच्याकडे पाऊसपाणी कसे आहे? रेडिओ बंद केला आहे ना? निदान आज तो बंद ठेवा. उद्धवरावांना सांगा, मी त्यांना दोष देत नाही. तुम्हाला देतो. तुम्हालाच देत राहीन, मी जिवंत असेपर्यंत, आणि तुम्ही

सूर्यभान परत दारात उभा आहे. त्याने चष्मा लावला आहे.


बडनेरा, ता. १८ सप्टेंबर १९६०

श्रीयुत भगवंतराव व्याही यांस,

मागचे पत्र मी टाकणार नव्हतो. सूर्यभानने ते माझ्यासमोरून उचलून पोस्टात टाकले. ते तुम्हाला मिळाले असेल. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

तार त्याने फोडली. आधी मनात वाचली, ओठ हलत होते. मी अडकित्त्याकडे पाहत होतो. मग तो म्हणाला, "काहो साठसाले!"

त्याने साठसाले म्हटले आणि मी मटकन खाली बसलो. "नात झाली तुमाले, दोघी चांगल्या हायत" हे मला मागून ऐकू आले. त्या नावाने पोट भरते असे मला कधी वाटले नव्हते. सूर्यभानला म्हटले, पुन्हा म्हण. त्याला वाटले तार पुन्हा वाचायची आहे, त्याने तार वाचली. तिसऱ्यांदा साऱ्या आळीने ऐकली. मंडळाच्या पोट्ट्यांनी ताशा आणला, मी हाकलला नाही.

तारेखाली केशर असे नाव होते. काल तिचे कार्ड आले, उद्धवरावांच्या हातचे. ती लिहवते, "व्याही तार नको म्हनत व्हते, तुमी घाबरता म्हनून. म्याच म्हटलं, तार करा. कार्डाले दोन दिवस लागते, तोवर हे जीव टाकून बसतीन. तारेनं एकदाच घाबरतीन." म्हणजे माझे ऐकणारे तुम्ही होता आणि न ऐकणारी माझी बायको. हे मला मुळीच आवडले नाही. तुमच्यावर रागवायचे एक कारण त्यामुळे कमी झाले. बाकीची आहेत.

केशर लिहवते की इमारत पांढरी नाही, पिवळी आहे. आणि तिथे सगळे रडतात, लेकरे, बाया, बाहेर बसलेल्या आया. शालूही रडली, चांगली मोठ्याने. तेव्हा तुमचा तिसरा पडदासुद्धा चूक होता. पण ती लिहवते की नात आधी रडलीच नाही, तेव्हा डॉक्टरीणबाईने तिला उलटी धरून पाठीवर थापटी दिली, तशी ती रडली, आणि केशरच्या मनात आले, एवढीशी थापटी, एवढी. पुढे तिने काही लिहवलेले नाही.

बारशाला येतो. पंखा बंद ठेवा. रेडिओ चालला तर चालू द्या. खडीसाखर वाटणार असाल तर आधी तुम्ही माझ्यासमोर खा. तुमचे तोंड पाहून मग मी खाईन.

केशरने दुपट्यासाठी आणखी जुने कापड मागितले म्हणून ट्रंक उघडली. तळाशी बेगडाचा डगला निघाला. चुलीत घातला तो दुसरा असेल. बेगड बरेच झडले आहे. तो घेऊन येतो, पोरीच्या पाळण्यावर चांदण्या कापायला उपयोगी पडेल. कात्री तुम्ही चालवा, तुमचा हात सरळ आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका. मी बसून हिशेब केला. सन दोन हजार लागेल तेव्हा ही पोरगी चाळीस वर्षांची असेल. तुम्ही नसाल, मी नसेन. तिला सन दोन हजारचे काही सांगायचे नाही. छडी घ्यायची नाही, पडदे रंगवायचे नाहीत, लिहून तर मुळीच द्यायचे नाही. साठ साल मी भोगले ते पुरे झाले. माझ्या नातीला कोणी दोनहजारी म्हटलेले मला खपणार नाही.

आणि तुमचा हात राहणारच नसेल, रंगवालच, तर विमान छपरावर उतरवू नका. कौले फुटतात. मी कालपासून मजूर लावून मागची खोली पाडतो आहे. तिथे चांगले मोकळे अंगण निघेल. तिथे उतरवा.

महादेव साठसाले